असाधारण वाढ नाही

७ मार्च

तोच आकडा. कालचा, परवाचा, गेल्या आठवड्याचा — सगळे सारखे. जुळ्या भावंडांतसुद्धा एवढं साम्य नसतं.

सकाळी सासूबाईंना साखर तपासायला घेऊन गेले होते. रक्त काढणारी बाई सुई टोचता टोचता सहज बोलून गेली, हल्ली काविळीच्या तपासण्या एवढ्या येतायत की सामान पुरत नाही, दुसऱ्या शाखेतून मागवावं लागलं. मी हसले. म्हटलं, आमच्याकडे तर काहीच दिसत नाही. ती म्हणाली, तुमच्याकडे म्हणजे कुठे? मी विषय बदलला.

आमच्याकडे म्हणजे आरोग्य खात्याचा माहिती कक्ष. शहरातली प्रत्येक प्रयोगशाळा, प्रत्येक रुग्णालय रोजच्या तपासण्या आमच्याकडे पाठवतं. आम्ही त्या भागाभागाने मोजतो, नेहमीच्या प्रमाणाशी ताडून बघतो आणि रोज सकाळी एक पत्रक वर पाठवतो. पत्रकाच्या शेवटी एक ओळ असते — 'असाधारण वाढ नाही.' मी या खुर्चीवर आल्यापासून ती ओळ कधी बदललेली पाहिली नाही. बरंच वाटायचं त्याचं!

ऑफिसात जाऊन मागची पत्रकं काढली. कावीळ — आकडा तोच. जुलाब — तोच. रविवारी निम्म्या प्रयोगशाळा बंद असतात. रविवारचाही तोच.




८ मार्च

सापडलं. सापडलं नसतं तर बरं झालं असतं, असंही एकदा मनात येऊन गेलं.

कुणी विचारलं तर नीट सांगता यावं म्हणून इथे सोपं करून लिहिते. आमच्याकडे एक मशीन नाही, खोलीभर मशीनं आहेत, एका दावणीला बांधलेली. त्याला क्लस्टर म्हणतात. खात्याने तो एका कंपनीकडून तयार पॅकेज म्हणून घेतला. माहिती साठवायची व्यवस्था, कुठल्या कामाला किती मशीनं द्यायची हे ठरवणारा एक वाटप्या, आणि हिशेब करणारं इंजिन — सगळं एकाच गाठोड्यात. पण गाठोड्यातलं इंजिन जुनं. आमचा हिशेब त्याला झेपेना. म्हणून माझ्याआधी इथे जो होता त्याने नवं इंजिन आणून शेजारी बसवलं. छान चालायचं. त्याला फक्त दोन पत्ते सांगावे लागतात — साठवण कुठे आहे आणि वाटप्या कुठे बसतो. ते पत्ते एका फोल्डरमध्ये असतात.

मध्यंतरी कंपनीने पॅकेज नवं केलं. करताना तो फोल्डर हलवला. कुणाला सांगितलं नाही. इंजिनाला पत्ते मिळेनात. बरं, मिळत नाहीत तर बोंब मारावी! नाही. ते मुकाट्याने एकाच मशीनवर बसलं. तिथल्या डिस्कवर त्याच नावाचा एक फोल्डर होता, तो वाचत राहिलं. त्यात काय होतं? बसवताना चाचणीसाठी टाकलेली गेल्या वर्षीची माहिती.

म्हणजे इतके दिवस आम्ही रोज सकाळी गेल्या वर्षीची तब्येत छापून पाठवतोय. आणि वरचे लोक ती बघून निवांत झोपतायत.


९ मार्च

साहेबांना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. चष्मा काढला, परत घातला. मग विचारलं, खरा आकडा काय?

खरा आकडा माहीत नाही, हेच तर दुखणं. काल गाठोड्यातल्या जुन्या इंजिनावर नुसती बेरीज करून बघितली. कावीळ वाढलेली दिसते. पण प्रयोगशाळा एकच तपासणी दोनदोनदा पाठवतात, त्यामुळे खरी किती, फुगलेली किती, कळत नाही. शिवाय तपासणीवर पत्ता असतो प्रयोगशाळेचा. माणूस कुठे राहतो ते कळायला शहरभरच्या नोंदणीशी एकेक नाव जुळवावं लागतं. ते काम नव्या इंजिनाचं. आणि ते आता चालत नाहीये.

म्हटलं, तोवर निदान 'पाणी उकळून प्या' एवढं तरी जाहीर करू.

साहेबांनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाले, मागे एकदा त्यांच्या सहीने असाच मोघम इशारा गेला होता. अख्खं शहर टँकरवर तुटून पडलं. रांगेत एक म्हातारी चेंगरून गेली. इशारा खोटा निघाला.

"भाग सांगा. कुठला भाग, कुठली टाकी. त्या मिनिटाला मी फोन उचलतो. तोवर या खोलीबाहेर एक शब्द नाही. घरीसुद्धा नाही."

मी हो म्हटलं. काय म्हणणार दुसरं?


१० मार्च

घरी वरच्या मजल्यावर दीर आणि धाकटी जाऊ. खाली आम्ही दोघं आणि सासूबाई. गच्चीवर टाकी एकच. जावेला सातवा लागलाय.

काविळीचा एक प्रकार पाण्यातून येतो. इतरांना पंधरा दिवस अंथरुणात घालतो आणि सोडतो. पोटुशी बाईला सोडेलच असं नाही. हे मला कामामुळे माहीत. माहीत नसतं तर आज जेवण गेलं असतं.

नवरा म्हणाला, तोंड का उतरलंय? म्हटलं, डोकं दुखतंय.


११ मार्च

पाढेगुरुजींकडे गेले.

कंपनीने आमच्या ऑफिसात कायमचा एक माणूस बसवलाय, क्लस्टरची देखभाल करायला. बदली होऊन परगावाहून आलेला. वय माझ्याएवढंच, पण टक्कल पडत चाललंय आणि बोलणं तोलूनमापून, एखाद्या शाळामास्तरासारखं. काहीही विचारा, नन्नाचा पाढा. ते आमच्या पॅकेजमध्ये नाही. त्याची जबाबदारी आमच्याकडे नाही. ते करता येणार नाही. म्हणून मी मनातल्या मनात पाढेगुरुजी नाव ठेवलंय.

आजही तेच. फोल्डर हलवला हे त्यांनी कबूल केलं, नवी जागाही दाखवली. पण इंजिन बाहेरचं, तेव्हा पुढची मदत कंपनी करणार नाही. तक्रार नोंदवून घेतो म्हणाले. मग विचारलं, "तातडीचं लिहू का? तातडी लिहिली तर कारण द्यावं लागतं."

साहेबांचा शब्द आठवला. म्हटलं, अंतर्गत काम आहे.

"मग साधं लिहितो," म्हणाले, आणि तसंच लिहिलं.


१२ मार्च

नवा पत्ता दिला. इंजिन साठवणीपर्यंत पोचलं, दार वाजवलं, आणि आपटलं. आवृत्ती जुळत नाही. दुपारी परत — आवृत्ती जुळत नाही. संध्याकाळी परत.

कुलूप बदललंय आणि मी जुनीच किल्ली फिरवत बसलेय.


१४ मार्च

कालचा सगळा दिवस आणि आजचा अर्धा इंजिन नव्याने बांधण्यात गेला. पॅकेजमधल्या साठवणीची जी आवृत्ती आहे, नेमकी तीच धरून. एक भाग जुळला की दुसरा कुरकुरतो. सासू खूश तर नणंद रुसलेली. शेवटी जेवणाच्या सुट्टीनंतर बांधून झालं. चालवलं. आणि चक्क चाललं! खरी माहिती वाचायला लागलं. मी उठून उभी राहिले खुर्चीतून.

मग एकेक मशीन मरायला लागलं. म्हणजे मशीन नाही, त्यावरचं आमचं काम. वाटप्या मारतो. ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त मेमरी घेतली की तो विचारत बसत नाही, सरळ मान मुरगळतो. जास्त मागावी तर द्यायला त्याच्याकडे नाही. मोठा वाटा बिलं काढणाऱ्या कक्षाचा. क्लस्टर सगळ्या खात्यांत मिळून एकच, आणि आमचा वाटा म्हणजे लग्नघरी शेवटच्या पंगतीला उरतं तेवढा.

कमी मेमरीत बसवून बघितलं. मेलं. तुकडे लहान केले. मेलं. फक्त शेवटच्या आठवड्याची माहिती घेतली. थोडं जास्त जगलं आणि मेलं.

बस.


१५ मार्च

गेले काही दिवस मी घरातलं सगळं पाणी उकळतेय. मोठ्या पातेल्यात उकळायचं, गार करायचं, बाटल्या भरून वर नेऊन ठेवायच्या. जावेला म्हटलं, हेच पी, नळाचं नको. तिने विचारलं, का? म्हटलं, असंच, या दिवसांत काळजी घेतलेली बरी.

आज बाटल्या न्यायला वर गेले तर कालच्या तशाच भरलेल्या. ती नळाखाली पेला धरून उभी. माझा तोल गेला. हातातून पेला ओढून घेतला, पाणी ओतून दिलं. सासूबाई खालून विचारत होत्या काय झालं म्हणून.

जाऊ पांढरीफटक पडली. मग अगदी हळू म्हणाली, "ताई, तुमचं राहिलं नाही ते माझ्यावर काढू नका."

माझी दोन राहिली नाहीत. घरात कुणी कधी हा विषय काढत नाही. तिनेही आजवर काढला नव्हता.

बाटल्या तिथेच ठेवून खाली आले. भाजी चिरायला घेतली. नवऱ्याने काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं.


१६ मार्च

बाटल्या आजही भरलेल्याच. मेलं. मेलं. मेलं.

पत्रक मात्र जातंय. साहेबांनी त्यातली शेवटची ओळ काढून टाकलीय, जागा कोरी ठेवलीय. वर कुणाच्या लक्षातही आलेलं नाही.


१७ मार्च

बिलवाल्या बाईंकडे गेले. बिल कक्षाच्या प्रमुख. कडक, पण वाईट नाहीत. म्हटलं, एक दिवस तुमचा वाटा आम्हाला द्या, एकच दिवस.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांचं खरंच आहे ते सांगितलं — मार्चअखेर तोंडावर आलीय, काम थांबलं तर शहराची बिलं चुकतील, लोक येऊन त्यांची कॉलर धरतील. कारण सांगा, मी वरून परवानगी आणते, म्हणाल्या.

मी नुसती उभी. त्या वाट बघत होत्या. शेवटी त्यांनीच मान खाली घालून काम सुरू केलं. कुणी एवढं अवघडलेलं बघवत नसेल त्यांना.

साहेबांकडे परत गेले. म्हटलं, निदान त्यांना तरी सांगू द्या. साहेब म्हणाले, त्यांच्या कक्षात दहा माणसं आहेत, दहांची दहा घरं आहेत, दुपारपर्यंत शहरभर होईल. "आणि भाग कुठला म्हणून विचारलं तर काय सांगाल?"

तोंडावर बोट ठेवून गप्प बसायचं, एवढंच माझ्या हातात उरलंय. तिकडे रोज कुणीतरी नळ सोडतंय, पेला भरतंय.


१८ मार्च

सांगितलं जावेला.

सकाळी वरून ओकारीचा आवाज आला. वर धावले. बाथरूमच्या दारात बसली होती, घामेजलेली. मी तिचे डोळे बघितले, पापणी खाली ओढून, उजेडाकडे तोंड करून. पांढरेच होते. पित्त असावं नुसतं. पण मला जे बघायचं होतं ते तिला कळलं. "काय शोधताय ताई?" म्हणाली.

मग राहवलं नाही. सगळं सांगितलं. शपथ घातली, कुणाला बोलायचं नाही, दिरांनाही नाही.

तिने माझा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. मग बाटली उघडून घटाघट पाणी प्यायली, माझ्यासमोर, शिक्षा झाल्यासारखी. मी म्हटलं, हळू. दोघींनाही रडायला येत होतं आणि दोघीही रडलो नाही.

खाली जाताना तिने विचारलं, "माझं ठीक आहे हो, तुम्ही आहात. बाकीच्या बायकांना कोण सांगणार?"

म्हटलं, भाग कळला की साहेब सांगतील.

पायऱ्या उतरताना मलाच ते उत्तर पटलं नाही.


१९ मार्च

आज फुटले. ऑफिसातच.

सकाळपासून चालवलेलं काम जेवणाच्या सुट्टीपर्यंत जगलं. निम्म्याच्या पुढे गेलं होतं. मी देवाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही. मग बिलांचं मोठं काम सुरू झालं, वाटप्याने आमची मशीनं काढून घेतली, खेळ खलास. मी जिन्यात गेले. लिफ्ट असल्यामुळे जिन्याने कुणी येत नाही. तिथे पायरीवर बसून रडले. चांगली हुंदके देऊन.

आणि नेमके पाढेगुरुजी जिन्याने वर येत होते. चेहरा ओढलेला, दाढी वाढलेली. माझ्याकडे बघून थांबले. वळून जातील असं वाटलं. गेले नाहीत. दोन पायऱ्या खाली उभे राहिले. खिशातून रुमाल काढला, त्याची घडी बघितली, आणि स्वच्छ आहे अशी खात्री करून पुढे केला.

मी म्हटलं, काय झालं विचारू नका, सांगता येणार नाही.

"नाही विचारत. पण एवढं कुणी उगाच रडत नाही."

मग तिथेच उभ्याउभ्या त्यांनी मला कामाचं विचारलं. कुठे मरतं, किती जगतं, किती लागेल. मी सांगितलं. ते मान हलवत होते. शेवटी म्हणाले, उद्या सकाळी बिलांचा वाटा दुपारपर्यंत आवळतो, तुमच्या कामाला सोडतो. वाटप्याच्या किल्ल्या त्यांच्याच हातात. पण कंपनीच्या नियमाप्रमाणे हे करायला दोन्ही कक्षांच्या सह्या आणि वरची परवानगी लागते, हे मलाही माहीत आहे. म्हटलं, परवानगी?

"मिळणार नाही. म्हणून मागत नाही."

या माणसाला मी पाढेगुरुजी म्हणते!


२० मार्च

झालं. झालं. झालं.

ते माझ्याआधी येऊन बसले होते. वाटा सोडला, मला नुसती मान हलवून खूण केली. मी काम सुरू केलं. बिल कक्षातून फोन आला, आमचं काम हळू का चाललंय? त्यांनी शांतपणे सांगितलं, देखभाल चालू आहे. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस, कान लाल झाले.

एकेक तुकडा पुरा होत गेला. पडद्यावरची पट्टी भरत गेली. आणि शेवटच्या एका तुकड्यावर अडकली. बाकी सगळी मशीनं रिकामी, एकटं एक मशीन धापा टाकतंय. त्यांनी खुर्ची ओढली आणि बघायला लागले. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या सगळ्या तपासण्या एकाच खुणेखाली येतात, म्हणून त्या सगळ्या एकाच मशीनच्या वाट्याला आल्या होत्या. "अख्खी मोळी एकाच्या डोक्यावर दिलीत. काड्या सोडा आणि वाटा," म्हणाले. प्रत्येक नोंदीला पुढे एकेक खोटा आकडा चिकटवायचा म्हणजे ढीग विखुरतो, आणि शेवटी आकडा काढून टाकून बेरीज एकत्र करायची. मी लिहिलं, त्यांनी वाचलं, एक चूक दाखवली. परत चालवलं. पहिल्यापासून. घड्याळाकडे दोघंही बघत होतो आणि दोघंही बघत नसल्यासारखं करत होतो.

बिलांच्या मोठ्या कामाची वेळ व्हायच्या जरा आधी पट्टी पूर्ण भरली.

निकाल उघडायचा होता. ते शेजारीच बसले होते. रुग्णांची माहिती बाहेरच्या माणसाने बघायची नाही असा नियम आहे, आणि साहेबांचा शब्द होताच. म्हटलं, आता तुम्ही जरा... ते लगेच उठले. "हो हो, बरोबर," म्हणाले आणि खुर्ची होती तिथे नीट सरकवून ठेवून गेले.

कालव्याच्या दोन्ही बाजूंचा भाग. जुन्या टाकीवरून पाणी जातं तेवढाच. नकाशावर तो भाग शाई सांडल्यासारखा उठून दिसतोय. बाकी शहर साफ.

आमचं घर त्यात नाही. खरं लिहायचं तर मी आधी तेच शोधलं. सापडलं नाही तेव्हा टेबलावर डोकं टेकलं. मग लाज वाटली.

साहेबांसमोर नकाशा ठेवला. त्यांनी एकदाच बघितला. फोन उचलला. शब्दाला जागले. उभ्यानेच बोलत होते, आवाज चढवून, समोर कोण वरचा अधिकारी होता त्याचीही पर्वा न करता. दुपारीच टाकी बंद झाली. संध्याकाळी घरी येताना गाडीवरचा भोंगा ऐकला, कालव्याच्या रस्त्याने फिरत होता. पाणी उकळून प्या, ताप आला, डोळे पिवळे दिसले तर लगेच रुग्णालयात या. पोटुशा बायकांनी आधी या.

जावेला सांगितलं, आपला भाग नाही. ती म्हणाली, मग मी एवढं बेचव पाणी कशाला प्यायले? आणि हसली. मीही हसले. किती दिवसांनी.


२१ मार्च

टाकीत मैलापाण्याची नळी झिरपत होती. खणून काढली. पथकं घरोघर फिरतायत. आज पत्रकात खरे आकडे गेले. शेवटची ओळ बदलून.

साहेब म्हणाले, तुम्ही सुट्टी घ्या. म्हटलं, उद्या.

पाढेगुरुजींचे आभार मानायला गेले. जागेवर नव्हते. रुमाल धुऊन इस्त्री करून नेला होता, तो परत आणला.


२२ मार्च

आजही नाहीत. त्यांच्या टेबलावर कंपनीने पाठवलेली एक नवी मुलगी बसलीय. बिलवाल्या बाईंनी परवाच तक्रार केल्याचं कळलं — देखभालीच्या नावाखाली वाटा काढून घेतला म्हणून. त्यांची तरी काय चूक!

कळायचं ते कळलं. काढलं त्यांना. माझ्यामुळे.

मुलीला विचारलं तर म्हणाली, मला एवढंच सांगितलंय की इथे बसायचं, बाकी चौकशी करून सांगते.


२३ मार्च

साहेबांना गाठलं. म्हटलं, त्या माणसाने नियम मोडला म्हणून आज लोक वाचतायत, तुम्ही कंपनीला कळवा. साहेब लगेच तयार झाले. दोघांनी मिळून मजकूर लिहिला, त्यांनी सही केली. मी स्वतः बिलवाल्या बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्या सुन्न झाल्या. तक्रार मागे घेते म्हणाल्या, आणि मला म्हणाल्या, अगं, त्या दिवशी एक शब्द तरी बोलायचास.

आज बरं वाटतंय. झालेलं निस्तरता येईल असं वाटतंय. परत रुजू झाले की आधी पाढेगुरुजी हे नाव बंद.


२५ मार्च

मुलीने चौकशी करून सांगितलं. कंपनीने त्यांना काढलेलं नाही. ते रजेवर आहेत.

कालव्याच्या अलीकडच्या बाजूला भाड्याने राहत होते. बायकोला आठवा होता. ताप आधीपासून होता, काम वाढल्याचा शीण असेल म्हणून घरीच ठेवली. भोंगा ऐकला आणि त्याच संध्याकाळी रुग्णालयात नेली. परवा गेली. बाळही.

फोन लावला. वाजत राहिला. मग उचलला. मी कोण ते सांगितलं. तिकडे घरात कुणीतरी भांडी आवरत होतं.

तेच म्हणाले, "बोला मॅडम. चाललंय ना काम? कुठे अडलंय का?"